स्कूटीच्या इंडिकेटरची काळजी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरबसल्या शिव्या वाचायचं काम धरलं. असं सांगितलं की धारच्या माझ्या आत्याबाई कपाळाला हात लावतात, पण काम तेच होतं, त्याला मी तरी काय करू? कुठल्याशा मोठ्या शहरातली एक कंपनी एक मशीन तयार करत होती. बायकामुलींना इंटरनेटवर जे घाणेरडं लिहिलं जातं, ते मशीननं आपणहून ओळखावं आणि पुसून टाकावं, असा बेत. आता मशीनला काही उपजत कळत नाही. आधी माणसांनी ढिगानं प्रतिक्रिया वाचायच्या, ही वाईट, ही बरी, असं बटण दाबून सांगायचं, आणि त्यावरून ती शिकणार. पोरांना पाढे शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा मशीनला चार गोष्टी शिकवायला काय जातंय, असं मला वाटलं. त्यांना मराठी, हिंदी आणि माळवी तिन्ही कळणारं माणूस हवं होतं, आणि तसली माणसं देवासात पैशाला पासरी आहेत.

माझं माहेर धारचं. आजोबा, पणजोबा संस्थानच्या नोकरीतले, त्यामुळे तिथं अजून सोवळ्यातलं मराठी चालतं. सासर देवासचं. सासरे कारखान्यात लागले म्हणून महाराष्ट्रातून इकडे आले आणि पुढे नवरा नि दीरही तिथंच चिकटले. इथलं मराठी म्हणजे निम्मी हिंदी. मला दोन्ही येतं, आणि दोन्हीत चिडता येतं.

चिडायची वेळ पहिल्याच आठवड्यात आली. नियम असा, की एकच प्रतिक्रिया तिघांना पाठवायची. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. तिघांतले दोघं जे म्हणतील ते खरं, आणि मशीन तेच शिकणार. शिवाय प्रत्येक प्रतिक्रिया सुटी यायची. कुणी लिहिली, कुणाला लिहिली, त्याआधी त्यानं काय काय लिहिलं होतं, काही दिसायचं नाही. का, तर आपल्या मनात पूर्वग्रह नको. म्हणजे शेंगा सोलून एकेक दाणा वेगवेगळ्या ताटलीत ठेवायचा आणि विचारायचं, सांगा बाई, शेंग किडकी होती का? आमच्यावर देखरेख करणारा साहेब वयानं माझ्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. मी त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, मॅम, फीडबॅक छान आहे, फॉर्ममध्ये भरा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तरी मी रोज बसत होते, कारण घरातच एक मुलगी होती जिला या मशीनची गरज पडणार होती. माझी पुतणी, दिराची एकुलती एक. वरच्या मजल्यावर ते राहतात, खाली आम्ही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आवाज असा, की गच्चीतून हाक मारली तर देवीच्या टेकडीवर माणसं वळून बघतील. हिवाळ्यात आमच्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटस्पर्धा होतात. कारखान्यांच्या बाजूला मोठं मैदान आहे, तिथं मांडव घालतात, बांबूला मोबाईल बांधतात आणि सामने एका ॲपवर थेट दाखवतात. एकदा नेहमीच्या कॉमेंट्रीवाल्याचा घसा बसला, आणि मैत्रिणींबरोबर सामना बघायला गेलेल्या आमच्या पोरीनं सरळ माईक हातात घेतला. "और ये गई बॉल भिया, सीधी वर, वर, वर, खाली कोण आहे? कोणीच नाही, चार!" लोक हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशीही तिलाच बोलावलं, मग तिसऱ्या दिवशीही. तिला मराठी धड वाचता येत नाही, शाळा सगळी हिंदीत झाली, पण बोलायला लागली की तिन्ही भाषा तिच्यापुढे हात जोडून उभ्या.

स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा मोहल्ला नुसतं भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो, त्यांनी तिला शब्द दिला, की असंच चाललं तर फायनलचा माईक तुझा, आणि फायनल दरवर्षीसारखी देवास विरुद्ध सतवास गावचीच होणार. तिथं फायनलला कधी कुणी मुलगी बोललेली नव्हती. पोरगी हरखून गेली. सतवासच्या सगळ्या खेळाडूंची टोपणनावं पाठ करत घरभर हिंडायची, भाजी निवडताना मला वालाच्या शेंगा चेंडूसारख्या टोपलीत टाकायला लावायची आणि त्यावर कॉमेंट्री करायची. इतकी आनंदात मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

मग प्रतिक्रिया सुरू झाल्या. सामना चालू असताना पडद्यावर खाली लोक लिहीत असतात, त्यात. लिहिणाऱ्यांतले पहिले काही उघड घाणेरडे होते, त्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. घाण दिसली की झाडता येते. पण एक होता, तो कधी अरे-तुरे करायचा नाही, कधी वेडंवाकडं बोलायचा नाही. "दीदी, आज पीला सूट अच्छा लग रहा है." दुसऱ्या दिवशी, "दीदी, आज देर हो गई, सहेली नहीं आई साथ में?" मग, "दीदी, मीठे तालाब वाला मोड़ अँधेरा है, सँभल के जाना." आणि एक दिवस, "दीदी, स्कूटी का पीछे वाला इंडिकेटर बंद है, ठीक करवा लो, चिंता होती है."

इंडिकेटर खरंच बंद होता. पुतणीलाही ठाऊक नव्हतं. मी बाहेर जाऊन चालू करून बघितला तेव्हा कळलं. मागचा दिवा बंद आहे हे कुणाला दिसणार? जो मागून येतो त्यालाच ना?

दिराला सांगितलं. तो गरीब माणूस, कधी आवाज चढवत नाही. म्हणाला, वहिनी, तुम्हीच सांगा काय करायचं, मी तिला मैदानावर पोचवतो नि आणतो, पण कारखान्यात माझी पाळी असेल तेव्हा काय? पोलिसांत तक्रार करायलाही आम्ही गेलो. तिथल्या बाईंनी सगळं नीट वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं की यात शिवी कुठे आहे. शिवी नाहीच तर लिहून काय घ्यायचं? त्यांचंही बरोबर असेल त्यांच्या जागी. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच नवऱ्यावर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

आणि मग एका सकाळी ती इंडिकेटरवाली ओळ माझ्याच पडद्यावर आली. तीच, अक्षर न् अक्षर. मी जिला शिकवत होते ती मशीन याच ॲपसाठी तयार होत होती, त्यामुळे कधीतरी हे व्हायचंच होतं. मी दात खाऊन 'त्रासदायक' हे बटण दाबलं. संध्याकाळी निकाल आला. बाकीच्या दोघांनी ठरवलं होतं, 'निरुपद्रवी, सुरक्षेविषयी काळजी'. खाली माझ्यासाठी सूचना होती, की तुमची उत्तरं बहुमताशी कमी जुळतात, आपण अतिसंवेदनशील होत आहात का ते तपासा. कपाळ माझं! मी साहेबाला फोन लावला. सांगितलं, हा माणूस माझ्या पुतणीच्या मागे फिरतोय, मला त्याच्या सगळ्या ओळी माहीत आहेत, एकाखाली एक ठेवून वाचा म्हणजे कळेल. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. सध्या आपण एकेकच ओळ बघतो, मागचं-पुढचं पुढच्या टप्प्यात घेणार आहोत, म्हणाला. पुढचा टप्पा कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तरी त्यानं एक चांगली बातमी दिली. मशीन आता चाचणीसाठी ॲपवर आली होती. ज्याला हवी त्यानं आपल्या प्रक्षेपणावर एक बटण चालू करायचं की झालं. उघड घाण तरी जाईल, असा विचार करून मीच पुतणीला म्हटलं, कर चालू, मशीनला मी शिकवलंय. तिनं भियांना विचारून सेमीफायनलला ते चालू केलं.

त्या दिवशीचा तमाशा काय सांगू! देवासच्या पोरानं षटकार मारला आणि लोकांनी लिहिलं, "धो डाला!" गायब. "मार, मार!" गायब. "हत्या कर दी बॉलर की!" गायब, आणि लिहिणारा तासभर बंद. क्रिकेटमध्ये माणसं दुसरं काय लिहिणार, गोलंदाजाला हळदीकुंकू देणार? मशीनला मारणं म्हणजे मारणं, एवढंच कळत होतं. घाणेरडे दोनचार गेले हे खरं, पण त्यांच्याबरोबर अर्धा देवास गेला. आणि आमचा तो काळजीवाहू तिथंच, सुखरूप. "दीदी, आज आवाज़ थका हुआ है, रात को सोई नहीं?" त्याला कुणी हात लावला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं संन्याशांची रांगच लागली.

लोकांना वाटलं, हे सगळं ती माईकवाली मुलगी करतेय. दीदी को बुरा लगता है तो घर बैठे, असं म्हणत मंडळी भियांकडे गेली.

मी संतापून धारला फोन केला, नुसतं मन मोकळं करायला. तीच चूक झाली म्हणायची. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐंशी उलटल्या आहेत, पण नातवानं मोबाईल दिलाय आणि रोज कीर्तनं ऐकतात. म्हणाल्या, आपल्या घरच्या मुलीला कुणी बोलतो आणि आपण गप्प? त्यांनी माझ्या दोन्ही चुलत बहिणींना गोळा केलं, अमझेऱ्याच्या मावशीला कळवलं, आणि दुसऱ्या सेमीफायनलला आमचं सगळं माहेर ॲपवर हजर झालं. तिकडे काळजीवाहूनं लिहिलं, "दीदी, आज पापा छोड़ने आए थे, अच्छा किया." इकडे आत्याबाईंनी सावकाश, एकेक अक्षर टिपून, शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "मेल्या, तुझं तळपट होवो." मावशीनं लिहिलं, "मुडद्या, घरी आयाबहिणी नाहीत का रे तुला?" बहिणींनी वाटोळ्यापासून सुरुवात केली आणि पुढे वाढवत नेलं. दोनच मिनिटं. मशीननं सगळ्यांना मृत्यू चिंतणारे हिंसक लोक ठरवून कायमचं बाहेर काढलं. मेल्या आणि मुडद्या तिला आम्हीच शिकवले होते, त्यावर तिघांचंही एकमत होतं.

आत्याबाईंचा मला लगेच फोन आला. "त्या मशीननं मला असभ्य म्हटलं. मला! आणि तो मेला अजून तिथंच आहे."

सभ्य कोण ते ठरवायचं काम तर मीच घेऊन बसले होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीपेक्षा राग जास्त.

भिया दुसऱ्या दिवशी घरी आले. चांगला माणूस आहे, खोटं कशाला बोलू. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, एकीकडे पब्लिक ओरडते की कमेंट उडतात, दुसरीकडे घरच्या बायकाच शिव्या देतात असं लोक म्हणतात, आणि उद्या या मुलीला जाता-येता काही झालं तर मी काय तोंड दाखवू? मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकीजी, बच्ची हमारी भी है। फाइनल में इसको घर पे ही रहने देते हैं। उसी के भले के लिए।"

त्या 'भले के लिए'चा मला इतका संताप आला, की हातातली बशी मी ओट्यावर आपटली आणि तिचा कपचा उडाला. मी म्हटलं, भिया, त्रास देणारा एक, आणि घरी बसवायचं हिला? ते मान खाली घालून बसले. दीरही मान खाली घालून बसला. पुतणी उठली आणि वर निघून गेली, आणि जिन्यावर तिच्या पावलांचा आवाजसुद्धा आला नाही. तिच्यासारख्या दणदण चालणाऱ्या मुलीचा.

फायनलला भियांच्या मेहुण्यानं माईक धरला. तो प्रत्येक चेंडूनंतर 'बहुत बढ़िया' म्हणायचा, मग चेंडू सीमेपार जावो की दांडी उडो. आम्ही घरी बघत होतो. पुतणीनं आवाज बंद करायला सांगितला. मला वाटलं, आता ती स्वतः बोलेल. सतवासचा डावरा पोरगा आला, ज्याचं टोपणनाव तिनं मला दहा वेळा ऐकवलं होतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि पांघरूण ओढून घेतलं. देवास जिंकलं. घरात कुणाला काही आनंद झाला नाही.

दोन दिवसांनी साहेबाचा फोन. खुशीत होता. म्हणाला, मॅम, तुमच्या शहरातल्या चाचणीचा निकाल फार सुंदर आला, फायनलमध्ये महिलांविरुद्ध एकही प्रतिक्रिया नाही, शून्य. मी म्हटलं, अरे बाबा, तिथं महिलाच नव्हती. सुंठीवाचून खोकला घालवलात. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली. मी त्याला विचारलं, हे तुझ्या अहवालात लिहिशील का? तो म्हणाला, तशी जागा नाहीये त्यात.

पुढे महिनाभर स्कूटी फाटकाच्या आत, सासऱ्यांनी लावलेल्या पेरूच्या झाडामागे उभी होती. पुतणी कॉलेजला बापाबरोबर जायची नि यायची. मैत्रिणी बोलवायच्या, ती नाही म्हणायची. जेवताना सुद्धा हळू बोलायला लागली होती, मीठ हवं असलं तर हातानं खूण करायची. मी तिच्यावर चिडायचे, मग चिडले म्हणून स्वतःवर चिडायचे.

एका दुपारी मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि ती शेजारी दाणे सोलत होती. प्रतिक्रिया येत होत्या, मी बटणं दाबत होते. आणि ही आली, तिच्या जुन्या सामन्याच्या व्हिडिओखाली लिहिली असणार: "दीदी, बहुत दिन से स्कूटी खड़ी है, धूल जम गई है। तबीयत ठीक है ना?"

मी घाईनं पुढे ढकलायला गेले, पण हिंदी ती माझ्याहून भराभर वाचते. तिनं वाचलं. दाणे तसेच ओंजळीत धरून ती पडद्याकडे बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "स्कूटी तो झाडामागे आहे. रस्त्यावरून दिसत नाही. फाटकात उभं राहिल्याशिवाय धूळ कशी दिसली त्याला?"

मी 'त्रासदायक' दाबलं. इतक्या जोरात की बटण आत रुतलं. बाकीच्या दोघांचा निकाल आधीच पडलेला होता: निरुपद्रवी, प्रकृतीची विचारपूस. तुमचं उत्तर बहुमताशी जुळत नाही.

मी लॅपटॉप बंद केला. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि भर उन्हात फाटकाबाहेर नेऊन ठेवली, आणि बसले. काय करणार होते, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. एवढंच वाटत होतं, की बघायचंच असेल त्याला तर बघू दे, आणि मलाही त्याला बघू दे. चार वाजायला आले होते, पाळी सुटायची वेळ. रस्त्यावर माणसं यायला लागली, सायकलवर, मोटारसायकलवर, पायी.

थोड्या वेळानं मागं आवाज झाला. पुतणी दुसरी खुर्ची ओढत आणत होती. माझ्याशेजारी बसली. पाय पुढे पसरले, मूठ तोंडाशी धरली, जशी माईक धरताना धरायची, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिचा तो आवाज मी ऐकला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"और ये आए सफेद शर्ट में, बाएँ हाथ में डब्बा, चाल ज़रा धीमी, आज देर हो गई भिया?"

सफेद शर्टवाला दचकला आणि भराभर पुढे गेला. "इनके पीछे काली मोटरसाइकिल, नंबर प्लेट पे कीचड़, हेल्मेट नाही, वहिनींना काळजी वाटत असेल." समोरच्या बाई दारात आल्या. त्यांच्या सुना आल्या. कुणीतरी खो खो हसलं. ती थांबली नाही. येणाऱ्या प्रत्येकाचा शर्ट, चप्पल, डबा, उशीर, सगळं ती सांगत गेली, अगदी गोड आवाजात, एकही वाईट शब्द न वापरता. जाणारे पुरुष मान खाली घालून जात होते. एकजण म्हणाला, हे काय चाललंय, शरम नाही का? मी म्हटलं, काळजी करतोय आम्ही तुमची.

कोपऱ्यावर एक लाल मोटारसायकल आली, थांबली, आणि आमच्या फाटकाकडे न येता तशीच मागं वळून गेली. तोच होता का, देव जाणे. पुतणीनं मूठ खाली केली, त्या दिशेला बघितलं आणि पुन्हा मूठ तोंडाशी नेली.

"और लाल गाड़ी मैदान छोड़कर बाहर," ती म्हणाली. "भिया, मुड़ते समय इंडिकेटर तो दिया करो."